लाल टोपीचा धाक

माझ्या नोकरीतली बहुतेक प्रकरणं आरोपी सापडला की मनावरून उतरली. पवनेच्या पाण्यातलं हे एक काही उतरत नाही, कारण त्यात आरोपीच नव्हता.

उन्हाळा होता. मावळातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. तिकोणा पेठेच्या बाजूला धरणाच्या काठाशी एका तरुणाचं प्रेत मिळाल्याचा फोन आला. मुलगा सैन्यात शिपाई, रजेवर आलेला. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की तिथे गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पण आत पाय गेला की सुटत नाही. लहानपणापासून हे ठाऊक असलेला गावचा पोर त्यात शिरला कसा, हेच कळेना. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

अंगावर मारहाणीची खूण नव्हती. पण दुसऱ्या दिवशी त्याचे वडील ठाण्यात येऊन माझ्यासमोर ताठ उभे राहिले. तेही निवृत्त फौजी. गाव त्यांना आबा म्हणायचं.

"साहेब, माज्या पोराला मिलिटरी पोलिसांनी मारलं. फिर्याद घ्या," ते म्हणाले.

मी खोदून खोदून विचारलं. रजा संपूनही मुलगा पलटणीत परतला नव्हता. का, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. नुसता भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्या दुपारी आबा अंगणात होते. खालच्या वाटेने मिलिटरी पोलिसांची लाल टोपी आणि पांढरा पट्टा वर येताना दिसला. आबांनी आत हाक मारली, "आले रं, पळ!" मुलगा मागच्या दाराने थेट धरणाकडे धावला, आणि आबांनी आत शिरून पुढचं दार लावून घेतलं. लाल टोपीवाल्यांनीच त्याला पाण्यात घातला, याबद्दल आबांना शंका नव्हती. चेहरा पाहिलात का, बिल्ला पाहिलात का, असं विचारल्यावर ते माझ्यावरच चिडले. "त्यात काय बगायचं? सारी नोकरी त्या टोपीला भ्यालो मी. कोसावरनं वळखतो."

मुलाच्या पलटणीला कळवलं. चौकशीला मिलिटरी पोलिसांचा एक हवालदार जोडीदारासह आला. सभ्य माणूस. खुर्चीत बसताना त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पक्का, भडक लाल रंग. हाच रंग का, असं मी विचारलं. तो म्हणाला की ही चाल इंग्रजांच्या काळची. लढाईत रस्त्यांच्या तिठ्यावर, धुळीच्या लोटात हजारो एकसारख्या माणसांत हा एक दिसला पाहिजे. वाट चुकलेल्याने याच्याकडे यावं आणि पळणाऱ्याने याला पाहून थांबावं, म्हणून लाल. "थांबावं," हा शब्द त्याने दोनदा उच्चारला. मग म्हणाला, "आम्ही परस्पर कुणाच्या घरात शिरत नाही, साहेब. पळालेल्या जवानाचा कागद आधी तुमच्याच ठाण्यात येतो. याचा आला होता का?"

आला नव्हता. रजा संपून महिनाही भरला नव्हता, त्यामुळे मुलगा अजून फरारी ठरलाच नव्हता. आपण होऊन परतला असता तर थोडी शिक्षा होऊन सुटला असता.

मग कोण आलं होतं? धागा दिला पवनानगरच्या एका जीपवाल्याने. स्वतःच ठाण्यात आला आणि म्हणाला, "साहेब, त्यो लाल टोपीवाला माज्याच जीपमदी बसून आल्ता. मागं, कोंबड्यांच्या पाटीशेजारी. मिलिटरीवाला असा येतोय व्हय?"

त्याच संध्याकाळी काठावरच्या तंबूंच्या एका कॅम्पच्या फाटकावर तो माणूस सापडला. लाल टोपी, पांढरा पट्टा, हातात काठी. पन्नाशीचा, मराठवाड्यातून पोटासाठी आलेला वॉचमन. आबांकडे तो पर्यटकांसाठी गावठी अंडी मिळतील का विचारायला गेला होता. दार बंद, हाकेला कुणी ओ देईना म्हणून परत फिरला. मागे कोणी पळालं हे त्याला माहीतही नव्हतं. कॅम्पचा मालक निर्ढावलेला. शनिवार-रविवारची दारुडी पोरं साध्या टोपीला जुमानत नाहीत, लाल टोपी दिसली की गप्प बसतात, असं त्याने मला समजावून सांगितलं. सैन्यासारखा गणवेश खासगी रखवालदाराला घालता येत नाही, तेवढ्यापुरती कारवाई केली. आठवड्यात टोप्या निळ्या झाल्या.

आबांना सांगायला मी स्वतः गेलो. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "अंड्यासाठनं आल्ता?"

मी हो म्हणालो.

फिर्याद मागे घ्या, असं मी समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. "आरोपी म्हनून माजं नाव लिवा. पळ म्हनालो त्यो मीच."

धाकाचा फायदा मी नोकरीभर घेतला. वर्दी दिसली की माणसं खरं बोलतात, असं नव्या शिपायांना शिकवायचो. ते खरंच आहे. पण वर्दीच्या आत कोण आहे हे लोक बघत नाहीत, आणि भ्यालेला बाप तर नाहीच बघत. असल्या प्रकरणात शहाणपण शोधणंही मला आता लबाडी वाटते.

आबांचं नाव मी लिहिलं नाही. तसं कलमच नाही. तरी ते ठाण्यात यायचे, बाकावर बसायचे, शिपायांनी दिलेला चहा घ्यायचे आणि संध्याकाळी, आजही अटक झाली नाही म्हणून उठून घरी जायचे. माझी बदली झाल्यावर नव्या साहेबांनी मला फोन करून विचारलं, या म्हाताऱ्याचं काय करायचं? मी म्हणालो, चहा देत जा.