इज की आर

"पुन्हा म्हण," सर म्हणले.

मी उभी होते. अकरावीचा वर्ग, इंग्रजीचा तास. आईवडील काय करतात ते एका वाक्यात सांगायचं होतं. मी म्हणलं होतं, "माय फादर अँड मदर इज गो टू शुगरकेन."

पुन्हा म्हणलं. वर्ग हसला.

"जोरात. मागच्यांना ऐकू येऊ दे."

जोरात म्हणलं. आता सरही हसले. काय चुकलं, ते कोणीच सांगेना.

त्या साली दुष्काळ. दसऱ्याआधीच विहिरी आटल्या. माय-बापू टोळीबरोबर ऊस तोडायला कोल्हापूरकडं गेले. मी अंबाजोगाईत मामीकडं राहून शिकत होते. कॉलेज साखर कारखान्याच्या चेअरमनच्या संस्थेचं. त्यांची मुलगी पहिल्या बाकावर.

माझ्या आधी तीच उठली होती. म्हणली, "माय फादर आर चेअरमन."

तेव्हा कोणी हसलं नाही. सर जवळ गेले. "बेटा, मराठीत आपण वडील 'आहेत' म्हणतो, म्हणून तसं होतं. इंग्रजीत एका माणसाला इज."

किती गोड सांगितलं! म्हणजे सरांना सांगता येत होतं.

मी विचारलं, "सर, तिच्या एका बापाला इज. मग माझ्या दोघांना काय लागतं?"

"तुझ्या आईबापाला कोयता लागतो."

वर्ग खदाखदा हसला. माझे कान तापले. पण मी बसले नाही.

"कोयता घरी शिकले, सर. इथं इंग्रजी शिकायला आले. चूक सांगा."

हसणं थांबलं.

"बाहेर हो."

"सांगा. मग जाते."

सरांनी पुस्तक उचललं आणि तेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला मामीसकट बोलावलं. माफी माग, नाहीतर दाखला घे. मामी माझा हात दाबत होती. "माग गं बाई. आपलं काय जातंय?"

मी म्हणलं, "माझं वाक्य चुकलं. वाक्याची माफी कशापायी मागू?"

दाखला घेतला. वर्ष गेलं. ऊसतोडीचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर माय गावी आली, तिनं ऐकून घेतलं. कौतुक केलं नाही. एवढंच म्हणली, "आता मागं फिरू नको."

पुढं दुसऱ्या कॉलेजात एक बाई भेटल्या. त्यांच्यापुढं तेच वाक्य मुद्दाम म्हणलं. बाई सहज बोलल्या, "गो एकटं पुरतं. इजला सोडून दे. आणि ऊस तोडायला जातात ना? मग कट पण घाल. गो टू कट शुगरकेन."

बस्. एवढंच होतं. एवढ्याचसाठी मला नागवं केलं होतं. मला रडू आलं नाही. राग आला. तो अजून हाय.

आज मी युसूफ वडगावात इंग्रजी शिकवते. चुकणाऱ्या लेकराला कोणी हसलं की मी तास थांबवते. परवा एका पुढाऱ्याच्या पोराला उभं केलं, तर बाप शाळेत आला. म्हणला, "मॅडम, पोरं हसणारच."

"माझ्या वर्गात न्हाई," मी म्हणलं.

तो बदलीची भाषा बोलून गेला. करू दे बदली. ज्या शाळेत जाईन, तिथं हेच करीन.