मोत्याला सोडलंत का?

भाऊजींना जाऊन दीड महिना झाला. माझ्याशी ते शेवटचं बोलले ते मोत्याबद्दल, आणि मी त्यांना खोटं उत्तर दिलं.

रत्नागिरीत त्यांना सगळे नाना मास्तर म्हणत. माझे ते धाकटे दीर. चाळिशीच्या आतच दृष्टी गेली, शाळेतली नोकरी सुटली आणि ते ओटीवर बसून राहिले. आमचे हे मुंबईला नोकरीत, त्यामुळे संध्याकाळी भाऊजींना हाताला धरून बंदरावर नेणं माझ्याकडे आलं. दिवसाची कामं कागदावर लिहून एकेक खोडत जायची माझी सवय. त्यात ‘भाऊजी, बंदर’ हेही असे. ते म्हणत, “वहिनी, तुम्ही मला नेत नाही, उरकता.”

एकदा मी वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. युरोपात लढाईत डोळे गेलेल्या शिपायांना शिकवलेली कुत्री वाट दाखवतात, असं त्यात होतं. भाऊजींनी ते दोनदा वाचायला लावलं. आठवड्याच्या आत आळीतलं एक पिल्लू घरात आलं. पट्ट्याला वेताची दांडी बांधून त्यांनी मोत्याला वर्षभर शिकवलं... पायरी आली की त्याने थांबायचं, भाऊजींनी पायाने कड चाचपायची, मग “चल” म्हटलं की पुढे. उतारूंच्या सर्व्हिस मोटारीचा भोंगा वाजला की रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला अंग लावून उभं राहायचं. त्यानंतर सात वर्षं भाऊजी माझ्याशिवाय बंदरावर गेले. धक्क्याला कोणता शिडाचा पडाव लागला ते नुसत्या आवाजावरून ओळखून येत. माझ्या कागदावरचं ते काम गेलं.

या भाद्रपदात सासऱ्यांचं श्राद्ध होतं. सोवळ्यात कुत्र्याची शिवाशिव नको, म्हणून यादीत पहिलंच काम लिहिलं : मोत्याला गोठ्यात बांधणे.

“तो काय ब्राह्मणांच्या पानात जाणार आहे?” भाऊजी म्हणाले.

“एक दिवस बसा ओटीवर. मला कामं थोडी आहेत का?”

कावळ्यासाठी पानावर वाडी ठेवली, पण कावळा येईना. आम्ही सगळे परसात वर बघत उभे. गोठ्यात मोत्या केकाटत होता. त्याला सोडायला म्हणून भाऊजी एकटेच निघाले आणि शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरले... डोकं आपटलं.

माजघरात निजवलं तेव्हा शुद्ध होती. मला म्हणाले, “मोत्याला सोडलंत का?”

“सोडला.”

सोडला नव्हता. यादीत बांधणे होतं, सोडणे मी लिहिलंच नव्हतं. ते दाराकडे कान देऊन पडून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मग येत का नाही तो?”

दिवेलागणीला ते गेले. मोत्याला सोडलं ते त्यानंतर.

ती दांडी दाराआड खुंटीला आहे. चार वाजले, बंदरावर जायची वेळ झाली, की मोत्या तिच्याखाली येऊन बसतो. मग मी ती त्याच्या पट्ट्याला बांधून हातात घेते. पायरीशी तो थांबतो. माझे डोळे धड आहेत, तरी मी पायाने कड चाचपते. “चल” मात्र माझ्या तोंडून निघत नाही. मोत्या मान वळवून माझ्या मागे, रिकाम्या ओटीकडे बघत राहतो... आणि कुणी म्हटल्यासारखा पायरी उतरतो.