अमोनियाचा वास

पंचफुलाबाईंच्या मनातून एकच गोष्ट हलत नव्हती. येत्या गुरुवारपासून आठ दिवस यवतमाळच्या बर्फाच्या कारखान्यातलं मशीनघर त्यांचा भीमराज एकटा सांभाळणार होता, आणि भीमराजला वास येत नव्हता.

सर्दीनं नाक बंद होतं तसं नव्हे. आठ वर्षं होत आली, त्याला कसलाच वास कळत नव्हता. फोडणीचा नाही, घासलेटचा नाही, मेलेल्या उंदराचाही नाही. आणि त्या कारखान्यात पाण्याचा बर्फ व्हावा म्हणून नळ्यांतून जो अमोनिया फिरवतात, तो डोळ्यांना दिसत नाही. थोडा सुटला तर माणसाला सावध करतं ते नाक. जास्त सुटला तर छातीत शिरतो आणि मग सावध होण्यात अर्थ उरत नाही. भीमराजला कळायचं ते डोळे चुरचुरायला लागल्यावर, घशात टोचल्यावर. म्हणजे बाकीचे दाराबाहेर पळाले असतील तेव्हा.

कारखान्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि कुणाला ठाऊक होऊ नये अशी व्यवस्था पंचफुलाबाईंनीच केली होती.

छप्पन सालची गोष्ट. ऑक्टोबरात सगळं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं. घाटंजीला परतल्यावर बाईंचे यजमान देवराव यांनी घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले. गावातले काही लोक काठावर उभे राहून नुसतेच बघत होते. त्याला महिना झाला नसेल तोच अकरा वर्षांचा भीमराज चिंचेवरून पडला. डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. दोन दिवस तो धड शुद्धीवर नव्हता. मग उठला, जेवला, खेळायला गेला. सगळ्यांना वाटलं, थोडक्यात निभावलं.

आणि एका सकाळी चुलीवरचं दूध करपून भांड्याचा कोळसा झाला. बाई अंगणातून धावत आल्या, तर पोरगं चुलीकडे पाठ करून शेजारीच वाचत बसलेलं.

"अरे, वास नाही आला तुले?"

"कायचा?"

त्यांनी त्याच्या नाकाखाली घासलेटची बाटली धरली. मग ठेचलेला लसूण. मग हिंगाची डबी. भीमराज हसत होता, त्याला तो खेळ वाटला. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोक्याला मार लागला की असं होतं, कधी परत येतं, कधी येत नाही.

पंचफुलाबाई नागपूरच्या कॉलेजातून बी. ए. झालेल्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. डॉक्टरांचं म्हणणं त्यांना पटलं होतं. पण गाव काय म्हणेल हेही त्यांना कळत होतं. देव बुडवले आणि महिन्याच्या आत पोराचं नाक गेलं. जे अजून दीक्षा घ्यायची की नाही म्हणून अडून होते, त्यांच्यापुढे भीमराजला उभं करून दाखवलं असतं लोकांनी. म्हणून त्या दिवशी दार लावून त्यांनी पोराला समोर बसवलं. कुणाला सांगायचं नाही. चारचौघांत कुणी वासाचं बोललं तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. त्यानं नाक मुरडलं तर आपणही मुरडायचं. तो खूश झाला तर आपण म्हणायचं, वा, काय मस्त वास.

पोरगा हुशार. महिन्याभरात असा तयार झाला की कधीकधी बाईंनाच वाटे, आलं की काय नाक परत.

मॅट्रिकला तो दोनदा बसला आणि दोनदा नापास होऊन घरी आला. पुस्तकात त्याचा जीव नव्हता, यंत्रात होता. देवरावांच्या ओळखीनं त्याला रहमत उस्तादच्या हाताखाली चिकटवलं. रहमत म्हणजे कारखान्याचा मिस्त्री, डाव्या मनगटावर गॅसनं भाजल्याचा पांढरा चट्टा, तोंडात पान. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्याची एकच परीक्षा असे. तो आपला गमछा पोराच्या डोळ्यांवर बांधायचा, मशीनभोवती फिरवायचा आणि विचारायचा, "बोल, गॅस कुठं सुटून राह्यला?" भीमराज नशिबानं तरला. त्या दिवशी एका व्हॉल्व्हपाशी गळती चांगलीच होती. नाकपुडीत टोचलं आणि त्यानं तिथंच हात दाखवला.

पुढची तीन वर्षं त्यानं नशिबावर सोडली नाहीत. उस्ताद आठला येई, भीमराज सहाला. गंधकाची काडी पेटवून तो प्रत्येक सांध्याजवळून फिरवी. जिथं अमोनिया सुटत असेल तिथं काडीचा धूर पांढरा दाट होतो. ती जागा ध्यानात ठेवायची, खिडक्या उघडून धूर घालवायचा आणि उस्ताद आल्यावर नाक वर करून म्हणायचं, "उस्ताद, तिसऱ्या व्हॉल्व्हची पॅकिंग गेली वाटते. वास येऊन राह्यला."

हे सगळं पंचफुलाबाईंना त्या रविवारी कळलं. एप्रिल महिना, लग्नसराई, बर्फाला मागणी जोरात. पोराला सुट्टी नाही म्हणून बाईच डबा घेऊन एस.टी.नं यवतमाळला गेल्या.

"या या, मास्तरीणबाई!" रहमत दारातच भेटला. "पोराले पाहाले आल्या का बर्फ न्याले?"

"दोनी. बर्फ फुकट देत असाल तर."

"फुकट? मालक माही दाढी उपटते!" रहमत हसला आणि भीमराजच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बुरा नका मानू बाई, पन तुमच्या पोराचं नाक शिकारी कुत्र्याहून तेज हाय. चाळीस साल झाले मले या धंद्यात, असं नाक नाही पाह्यलं. गंधक आणाचं बी बंद केलं म्या. काड्या जाळा, खोकत बसा, कायले? हे नाक हाय ना!"

बाईंच्या हातातला डबा जड झाला. भीमराज खाली बघत होता.

"गुरुवारी दोनच्या छोट्या रेलगाडीनं दारव्ह्याले चाललो," रहमत सांगत होता. "अकीलाचं लगन हाय, माह्या धाकटीचं. आठ रोज. मालकाले म्हटलं, बिनफिकीर राहा, मशीन भीमराज पाहीन. आल्यावर त्याले चिठ्ठी लिहून देतो, पक्का मिस्त्री झाला म्हणून. मंग नागपूर जाओ, मुंबई जाओ."

भीमराजनं आईला मशीनघर दाखवायला नेलं. पट्ट्यावर फिरणारं मोठं चाक, नळ्यांवर चढलेला पांढरा बर्फाचा थर, पलीकडे मिठाच्या पाण्याच्या हौदात बुडवलेले बर्फाचे डबे. बाहेर ऊन भाजत होतं आणि इथं पायाखालची फरशी गार. मशीनमागच्या कोपऱ्यात उकंडा गोणपाटावर झोपला होता. हौदातून डबे ओढून काढणारा म्हातारा मजूर, दुपारचा तिथंच पडायचा. भीमराज हात हलवून सांगत होता, कोणता गॅस कुठून येतो, कुठं दाबला जातो, कुठं थंड होतो. इतकं छान शाळेत एखाद्या मास्तरानं समजावलं नसतं. बाई कौतुकानं ऐकत होत्या.

तेवढ्यात त्यांच्या नाकात काहीतरी शिरलं. मुताऱ्यांना येतो तसा, उग्र. त्यांनी भीमराजकडे पाहिलं. तो बोलतच होता. त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर एक सांधा होता आणि वास तिथूनच येत होता. बाईंनी नकळत पदर नाकाला लावला.

भीमराजची नजर त्यांच्या चेहऱ्यावर थबकली. पुढच्याच क्षणी तो वळला, नाक वर केलं आणि ओरडला, "उस्ताद! इथं सुटला!"

रहमत पाना घेऊन आत आला, दोन झटक्यांत सांधा आवळला. "पाह्यलं बाई? मी दारात होतो, मले आत्ता आला. याले पह्यलेच कळलं!"

बाई पोराला हाताला धरून बाहेर कडुनिंबाखाली घेऊन गेल्या.

"तू माह्या तोंडाकडे पाहून बोलला."

"मंग? तूच शिकवलं ना." भीमराज हसला. मग त्यानं गंधकाची सगळी हकीकत सांगितली, एखादा पराक्रम सांगावा तशी. उस्तादनं गंधक बंद केल्यापासून तो स्वतः विकत आणत होता.

"आठ दिवस तिथं कोणाचं तोंड पाहशील?"

"दर दोन घंट्यानं काडी फिरवतो."

"अन् दोन घंट्याच्या मधात सुटला तर?"

भीमराजनं खिशातली गंधकाची काडी चाचपली.

"उकंडाभाऊ तर झोपून असते तिथं. तू उभा असशील, डोळे चुरचुरले का पळशील तरी. त्याले कोण उठवीन?"

"माय, काहीच होत नाही. उगाच घाबरून राह्यली तू." त्याचा आवाज एकदम खाली आला. "तीन वर्षं हौदातले डबे ओढले म्या. थंडीत बोटं फुटली. आता चिठ्ठी भेटून राह्यली तर तू बोलशील? सांगून ठेवतो, उस्तादले कळलं तर तो मले मशीनले हात लावू देनार नाही. अन् मी घाटंजीले पाय ठेवनार नाही."

परतीच्या गाडीत बाईंना एकच दिसत होतं. चाक फिरतंय, पोरगा त्याच्यात तल्लीन होऊन उभा आहे, आणि त्याच्या आजूबाजूला जे भरत चाललंय ते त्याला कळत नाही.

देवराव जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलायला असत. घरी आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अवो, तीन वर्षांत काही झालं का?"

"तीन वर्षं रहमतभाईचं नाक होतं तिथं."

"आठच दिवस तर हायेत. निघून जातीन."

"अन् चिठ्ठी भेटल्यावर? नागपूरच्या कारखान्यात कोणाचं नाक राहीन?"

देवराव पायाची माती खरवडत म्हणाले, "आता सांगशील तर लोक विचारतीन, आठ वर्षं काहून लपवलं. देवाचाच कोप होता म्हणून लपवलं, असं म्हनतीन. तेव्हा म्हटलं असतं त्याच्याहून जास्त."

ते खरंच होतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी त्यांनी भीमराजला पत्र लिहिलं, तूच उस्तादला सांग म्हणून, आणि फाडलं. तो सांगणार नव्हता. न सांगण्यात त्याला त्यांनीच तयार केलं होतं.

गुरुवारी सातवीचा भूगोलाचा पेपर होता. मुली माना खाली घालून लिहीत होत्या, बाई रांगांमधून फिरत होत्या. एका मुलीनं दौत सांडली, तिच्यासाठी दुसरी आणायला त्या कपाटाशी गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. या घटकेला उकंडा जेवून गोणपाट अंथरत असेल. त्याला बायको होती, दोन नाती होत्या, रविवारी बाई निघताना त्यानं आपण होऊन सांगितलं होतं. पोरगा आपला, लपवणं आपलं, पण तो म्हातारा कुणाच्या हिशेबात धरायचा? गाव बोलेल. बोलू दे. पोरगा घरी येणार नाही. न येवो, कुठंतरी जिवंत असेल तरी.

घड्याळात साडेअकरा झाले होते. त्यांनी दौत मुलीसमोर ठेवली, शेजारच्या वर्गातल्या बाईंना पेपरावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि उन्हातून पोस्टाकडे निघाल्या. पदर डोक्यावर घ्यायचंही सुचलं नाही.

पोस्टात खेमसिंगबाबू होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, शाळा सोडून? कोणाचं काही बरंवाईट झालं का?"

"अजून नाही. यवतमाळचा कॉल लावा, बर्फाचा कारखाना. दोनच्या आत लागला पाहिजे."

"लागते की. कोणाच्या नावानं? तुमच्या भीमराजले बोलवू?"

बाईंनी क्षणभर टेबलाची कड घट्ट धरली.

"नाही. रहमत मिस्त्री. त्याच्याशिवाय कोणासंगं बोलत नाही म्हणून सांगा. माह्या पोरानं फोन उचलला तरी त्यालेही हेच सांगा."