लग्नापासूनचं पित्त

माझ्या आईच्या जिभेला हाड नव्हतं, आणि वडिलांना जीभ आहे की नाही अशी शंका यावी इतके ते घरात गप्प. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर रत्नागिरी स्टँडवर माईक धरून गाड्या पुकारायचे, आणि घरी आले की खुर्चीत बसून नुसते चहा प्यायचे. "बोलणं सगळं स्टँडवर उतरवून येतात, घरात रिकामी गाडी," असं आई म्हणायची. त्यावर ते मिशीतल्या मिशीत हसायचे. तिने चिमटा काढायचा, त्यांनी हसायचं, हाच त्यांचा संवाद. तीस-बत्तीस वर्षं त्यांचं तेवढ्यावर छान चाललं होतं.

आईला पित्ताचा त्रास होता. म्हणजे आमच्याकडे दर दुसऱ्या बाईला असतो तेवढा. उपास घडला, उन्हातून आली, वडिलांनी बाजारातून भाजी सोडून नुसत्याच मिरच्या आणल्या, की पित्त. मग आमसुलं भिजत घालायची, साखर-जिरं टाकून पाणी प्यायचं, कपाळाला सुंठ उगाळून लावायची. तासाभरात बाई पुन्हा तोंड सुरू करायला मोकळी. पित्त कधीपासून, असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "ह्यांच्याशी लग्न झाल्यापासून." आलेला माणूस हसायचा, वडीलही हसायचे.

वडील रिटायर झाले तेव्हा आमच्या खालच्या आळीतले एक चाचा घरी आले. कुवेतला उमेदीची वर्षं काढून परतले होते आणि आता इन्शुरन्सची एजन्सी घेऊन सगळ्या गावाच्या मागे लागले होते. वडिलांना म्हणाले, "भाऊ, रिटायर झालेल्या माणसाकडे दोनच गोष्टी असतात, वेळ आणि दुखणी. वेळेचा इन्शुरन्स माझ्याकडे नाय, दुखण्यांचा आहे." वडिलांनी दोघांचा मेडिक्लेम काढला. फॉर्म भरताना चाचांनी आईला विचारलं, आधीचा काही आजार? आई म्हणाली, "पित्त सांगू का?" चाचा म्हणाले, "भाभी, पित्त काय आजार आहे? पित्त तर आमच्या मांजरालाही आहे." दोघंही हसली आणि रकाना कोरा राहिला.

तिसऱ्या वर्षी, वैशाखात, आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली ती उठेचना. उजव्या बरगडीखाली कळ, ती पाठीतून खांद्यापर्यंत. आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेली. सोनोग्राफीत दिसलं की पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन करावं लागणार. दाखल करून घेताना एक नवा, कोवळा डॉक्टर आला. घाटावरचा असावा, बोलणं तसं होतं. केसपेपर मांडीवर घेऊन त्याने विचारलं, "आजी, पित्ताचा त्रास कधीपासून?"

सलाईन लावलेलं, चेहरा पांढराफटक, तरी ही बाई म्हणाली, "ह्यांच्याशी लग्न झाल्यापासून."

शेजारच्या कॉटवरची बाईसुद्धा हसली. डॉक्टर हसला. मग हसत हसतच विचारतो, "किती वर्षं झाली लग्नाला?" आणि एरवी कधी न बोलणारे वडील उभे राहून, स्टँडवरच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "बत्तीस." आपल्याला आठवलं याचाच त्यांना आनंद. डॉक्टरने लिहून घेतलं. काय लिहितोय हे आमच्यापैकी कुणी वाकून पाहिलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. खडे बाटलीत घालून दिले, ते आईने आल्यागेल्याला काजू दाखवावेत तसे दाखवले.

क्लेमचं काम माझ्या गळ्यात आलं. मी तेव्हा लांज्याच्या शाळेत शिकवत होते, रोज एसटीने जायचे-यायचे, आणि घरात इंग्रजी वाचणारी मीच. चाचांनी मला बसवून शिकवलं. आधी दाखल केल्याचं ऑफिसला लेखी कळवायचं, उशीर झाला तर तेच कारण धरून बसतात. घरी सोडतानाचं डिस्चार्ज कार्ड घ्यायचं. बिलं मूळ हवीत, झेरॉक्स चालत नाही, म्हणून सगळ्याचा एक झेरॉक्स संच घरी ठेवायचा. औषधाच्या प्रत्येक बिलाला डॉक्टरची चिठ्ठी, प्रत्येक तपासणीच्या पावतीला तिचा रिपोर्ट. "बिल तिथं चिठ्ठी, नायतर पैसे पाण्यात," हे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

एका इंजेक्शनची चिठ्ठी काही सापडेना. सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी आईच्या उशीखाली मिळाली. शिमग्यात पालखी घरी आली तेव्हा आईच्या अंगात देवी आली होती, त्या दिवशीचा जपलेला अंगारा तिने दवाखान्यातून आल्यावर त्या चिठ्ठीत पुडी बांधून ठेवला होता. मी अंगारा देवापुढे वाटीत ओतला, चिठ्ठी पुसली आणि फाइलला लावली. थोडा वास राहिलाच.

श्रावणात उत्तर आलं. मी दारात उभी राहूनच वाचलं. आजार पॉलिसीच्या आधीचा, बत्तीस वर्षं जुना असल्याचं रुग्णाने स्वतः दवाखान्यात सांगितलेलं आहे, सबब क्लेम देता येत नाही.

पित्त म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, कारण माझं खवळलं. त्या कोवळ्या डॉक्टरच्या नावाने मी बोटं मोडली. "मेल्याला मस्करी कळत नाही? हसला ना तो? हसून लिहिलंन? पित्त वेगळं, पित्ताशय वेगळं, एवढं शिकवलं नाही त्याला?" चाचा पायरीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "बाय, मस्करी त्याला कळली. कागदाला कळत नाय."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "म्हणजे माझ्या तोंडाने पैसे गेले?" तिने विचारलं. मी, वडील, चाचा, आम्ही तिघंही नाही म्हणालो, पण जरा उशिरा म्हणालो. ऑपरेशनला भरलेले पैसे वडिलांच्या फंडातले होते, हे तिला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून आई गप्प झाली. रुसली नव्हती. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, विचारलं तर उत्तर, पण मोजून. आधी आम्हाला वाटलं, बरंय, चार दिवस शांतता. आठवड्यात घर खायला उठलं. वडिलांना तर काही सुचेनासं झालं. ओला टॉवेल त्यांनी मुद्दाम गादीवर टाकला. आईने तो मुकाट्याने उचलून वाळत घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला. तिने पुन्हा उचलला. मग एका सकाळी ते बाजारात गेले आणि पिशवी भरून नुसत्या मिरच्या घेऊन आले. भाजी नाही, काही नाही. पिशवी आईसमोर ठेवून ते तिथंच उभे राहिले, आता बोलेल म्हणून वाट बघत. आईने मिरच्या धुतल्या, देठं काढली आणि ठेचा केला.

मला त्या दोघांचा इतका कळवळा आला की मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

चाचांनी मार्ग सांगितला. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या मोठ्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट आणायचं, आजार नक्की कधी सुरू झाला ते त्यांनी लेटरहेडवर लिहून द्यायचं, आणि ते जोडून फेरविचाराचा अर्ज टाकायचा. मी शाळेतून परस्पर त्यांच्याकडे गेले. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "खडे किती जुने ते खड्यांकडे बघून मला सांगता येणार नाही. आणि तुम्हाला हवं म्हणून मी लिहिणार नाही. आईंना घेऊन या. मी विचारीन, त्या सांगतील ते लिहीन. बत्तीस म्हणाल्या तर बत्तीस."

मी घरी येऊन सांगितलं. आई नुसती बरं म्हणाली.

संध्याकाळी वडील पडवीत नारळ सोलत बसले होते. मी जवळून जाताना त्यांनी मला हाताने थांबवलं. आजूबाजूला बघितलं, आई आत आहे ना याची खात्री केली.

"क्लेमचं जाऊ दे," म्हणाले. "मला एक सांग. तिला खरंच तेव्हापासून दुखत असेल का?"

"अहो बाबा, ती मस्करी होती."

"असेल गो. पण ती दर वेळी सांगत होती." सोललेला नारळ त्यांनी हातात तसाच फिरवला. "आणि मी दर वेळी हसलो."

कंपनीला जे उत्तर पाहिजे होतं तेच माझ्या बापालाही पाहिजे होतं, आणि त्याला ते पैशासाठी नको होतं. रात्री जेवताना ते आईच्या ताटाकडेच बघत होते.

दवाखान्यात जाताना रिक्षात मी आईला बजावलं, विचारतील तेवढंच बोलायचं, शब्द वाढवायचा नाही. तिने मान हलवली. वडील पुढे रिक्षावाल्याशेजारी, पाठ ताठ.

डॉक्टरांनी तिला समोर बसवलं आणि केसपेपर उघडला. "आई, हा त्रास कधीपासून?"

आईने माझ्याकडे पाहिलं. वडिलांकडे नाही पाहिलं. मग हळूहळू, शब्द वेचत म्हणाली, "पित्त माझं जुनंच. डोकं चढतं, आंबट पाणी येतं. आमसुलाचं पाणी प्यायलं की उतरतं. त्याला काय, कुणाला नसतं? पण ही कळ वेगळी. ती ह्या वर्षीचीच."

"ह्या वर्षी कधी?"

आई घुटमळली. "शिमग्यात. पालखी आली तेव्हा."

मला तो दिवस आठवला. पालखी अंगणात टेकली होती, ढोल-ताशे घुमत होते, आई देवीची ओटी भरत होती, आणि अचानक तिने पोट धरलं. डोळे मिटले, घामाने निथळली, तोंडातून हुंकार येऊ लागले. "वारं आलं, वारं आलं," असा एकच गलका झाला. कुणी अंगारा लावला, कुणी कुंकू. बायका पाया पडायला लागल्या. आणि माझे वडील टोपी काढून पुढे आले आणि सगळ्या वाडीसमोर त्यांनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"म्हणजे ती देवी नव्हती?" वडील खुर्चीतून अर्धे उठले.

"कसली देवी! खडा होता."

"अगो, मग तेव्हाच बोलायचंस ना! एवढी कळ येत होती तर!"

आई त्यांच्याकडे वळली. कित्येक दिवसांनी तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत ते ओळखीचं काहीतरी परत आलं. "कशी बोलणार? बत्तीस वर्षांत एकदा पाया पडलात. म्हटलं, मोडू कशाला?"

डॉक्टर पेन खाली ठेवून हसले. मी हसले. वडील मात्र हसता हसता रडायलाच लागले. चष्मा काढून रुमालाने डोळे पुसत राहिले. आई घाबरली, "अहो, काय झालं? मस्करी केली मी," म्हणायला लागली. ते म्हणाले, "आधीचं काही नाही ना? नक्की ना? लग्नापासूनचं?"

तेव्हा तिला कळलं. ती उठली आणि त्यांच्या हातातला रुमाल घेऊन तिनेच त्यांचे डोळे पुसले. "नाही हो," म्हणाली. "लग्नापासून काही दुखलं नाही."

डॉक्टरांनी लिहिलं, पित्ताचा म्हणजे आम्लपित्ताचा त्रास वेगळा, त्याचा पित्ताशयातल्या खड्यांशी संबंध जोडू नये, आणि पोटातली कळ प्रथम दाखल होण्याच्या सुमारे दोन महिने आधी आली. देवीचा उल्लेख त्यांनी केला नाही. अर्ज गेला, आणि दिवाळीच्या आसपास चेक आला. काहीबाही कापलं होतं, पण आला. चाचांनी फराळाचं ताट संपवून आईला विचारलं, "भाभी, आता पित्त कसं आहे?" आई म्हणाली, "समोर बसलंय, चकली खातंय."

वडील त्यानंतर काही वर्षं होते. पुढच्या प्रत्येक शिमग्याला पालखी उठली की ते आईला हळूच विचारायचे, "आज देवी की खडा?" आणि ती त्यांना हाताने ढकलायची. एका पावसाळ्यात, दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. क्लेम करण्याइतकाही वेळ त्यांनी आम्हाला दिला नाही.

मग आईची झोप उडाली. महिने गेले तरी येईना, म्हणून मी तिला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी कार्ड काढलं, नाव-वय लिहिलं आणि विचारलं, "आजी, कधीपासून झोप येत नाही?"

"हे गेल्यापासून," आई म्हणाली.

बाईंचं पेन कार्डावर टेकलं. मला जुनी सवय, कागदावर जाण्याआधी सांभाळून घ्यायची. मी तोंड उघडलं. आईने टेबलाखालून माझा हात धरला.

"लिहू दे गो," ती म्हणाली. "ह्या वेळी मस्करी नाही."