पाचव्या आठवड्यातला गुरुवार

माझ्या मावशीला गावात सगळे चर्चमावशी म्हणत. तिचा नवरा चर्चची देखभाल करायचा. तो छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी तिला सांगितलं, दुसरा माणूस मिळेपर्यंत किल्ल्या तुझ्याकडे ठेव. दुसरा माणूस काही मिळाला नाही. एकोणतीस वर्षं त्या किल्ल्या तिच्याकडेच राहिल्या.

चर्चच्या मागच्या भिंतीला लागून तिच्या दोन खोल्या होत्या. भिंतीला बारा महिने ओल. वेदीवरची पांढरी कापडं ती त्याच खोलीत धुवायची आणि तिच्या लोकरी मोज्यांशेजारी एकाच दोरीवर वाळत घालायची. एकदा एका पंचाने त्यावरून नाक मुरडलं. ती म्हणाली, "साबण एकच आहे हो. वेदीला वेगळा हवा असेल तर आणून द्या."

आमची लुथरन मंडळी लहान. भरगच्च रविवार म्हणजे चाळीस माणसं. पाळकसाहेब चार गावांत वाटलेले. आमच्या वाट्याला महिन्याचा पहिला रविवार यायचा. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे वेदीपुढे गुडघे टेकून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. बाकीच्या रविवारी एखादा पंच छापील उपदेश वाचायचा आणि मी पायपेटी वाजवायचे. दर महिन्याला एका पानाचं पत्रक निघे. ते चिटणीसबाई काढायच्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्यातली शाळा काही निवृत्त झाली नव्हती. दुसऱ्या बुधवारी बायकांची बैठक, तिसऱ्या शनिवारी कबरस्तानाची सफाई, दृढीकरणाआधीचे मुलांचे धर्मवर्ग, वेदीवर फुलं कोणी आणायची, सगळं त्यात चौकटी आखून लिहिलेलं असे. शेवटची चौकट घरी पडून असलेल्यांच्या भेटींची.

त्या चौकटीत सुतारकाकांचं नाव चार वर्षं होतं. ते गिरणीच्या पलीकडे, नदीकाठच्या वळणावर एकटे राहायचे. पाय गेलेले, दोन काठ्यांवर चालायचे, आणि जीभ रंध्यासारखी. आमच्या चर्चचे बाक आणि वेदीपुढचा कठडा त्यांच्याच हातचा. भेटायला जाणाऱ्याला ते नीट बसूही देत नसत. पाळकसाहेबांना म्हणायचे, "तुम्ही महिन्यातून एकदा येता, विजेचा मीटर वाचायला आल्यासारखे. वाचलात? बरं, निघा."

पत्रकात महिन्याला त्यांच्याकडच्या चार भेटी होत्या, गुरुवारच्या. पहिल्या आठवड्यात मात्र गुरुवारऐवजी सोमवारी, पाळकसाहेब आणि मावशी. दुसऱ्यात बैठकीतल्या बायका. तिसऱ्यात वेदीवरची उतरलेली फुलं घेऊन मावशी एकटी. चौथ्यात एखादा पंच. महिन्यात पाचवा गुरुवार आला तर त्याला चौकट नव्हती. त्या दिवशी मावशी आपणहून जायची. सूप घेऊन जायची, भांडी घासायची, चादर बदलायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

त्या हिवाळ्यात तिने त्यांची हत्यारं आवरली. पटाशा, रंधे, करवती खाटेभोवती पसरलेल्या होत्या, रात्री उठताना पायात येतील म्हणून तिने त्या पेटीत भरून ठेवल्या. सुतारकाका भडकले. पुढच्या भेटीला आलेल्या पंचाजवळ त्यांनी तक्रार केली, की ही बाई वेळीअवेळी येते आणि घर उचकते. पंचाने ती तक्रार मंडळीच्या बैठकीत मांडली. तिथे मीही होते.

चिटणीसबाई म्हणाल्या, "मावशी, पत्रकात आहे त्याच दिवशी जात जा. त्यांना त्रास होतो म्हणतात."

"मला काय हौस आहे?" मावशी म्हणाली.

"हौस नाही, मला माहीत आहे. पण ठरल्याप्रमाणे असलेलं बरं."

"बरं," मावशी म्हणाली, आणि तिने विणकाम पुढे ओढलं.

त्या महिन्यात पाच गुरुवार होते. पाचव्या गुरुवारी ती गेली नाही. तिने सूप केलं आणि स्वतः प्यायली. केस धुतले. शेगडीजवळ बसून विणत राहिली. बाहेर गारठा होता आणि वळणावरचा रस्ता निसरडा झालेला. तिने हे सगळं मला पुढे बारकाईने सांगितलं, कारण तिला त्या दिवसातलं काहीच विसरता येत नव्हतं.

रविवारी प्रभुभोजन झालं. सोमवारी पाळकसाहेब आणि मावशी गाडीतून सुतारकाकांकडे गेले. फाटकाशी दुधाच्या पाच बाटल्या उभ्या होत्या. दूधवाला नंतर म्हणाला, म्हाताऱ्याशी माझं वाजलं होतं, रागाने उचलत नसेल असं वाटलं. दार आतून लावलेलं होतं. पाळकसाहेबांनी खांद्याने ढकलून कडी उखडली.

सुतारकाका खाट आणि टेबल यांच्या मधे जमिनीवर होते. खुबा मोडलेला. टेबलावरचं कापड ओढून खाली घेतलेलं, अर्धं अंगावर. दोन आठवड्यांपूर्वी मावशीने दिलेली फुलं फरशीवर विखुरली होती आणि फुलदाणी त्यांच्या हाताशी आडवी पडली होती. ती कोरडी होती, आणि तिच्याभोवतीची जमीनही कोरडी. पाणी सांडलं नव्हतं. ते प्यायले होते.

डॉक्टरांनी सांगितलं, बुधवारी पडले असावेत. शनिवारपर्यंत जीव असावा.

एवढं ऐकल्यावर कोणाला हिशेब करून सांगायची गरज नव्हती. मावशीने अंग पुसायला बायकांना मदत केली, घंटा वाजवली, खड्डा खणणाऱ्यांना चहा दिला. मातीला बरीच माणसं आली. हयातीत कोणी त्यांच्याकडे पाच मिनिटं टिकलं नव्हतं, पण त्या दिवशी बाक भरले. मावशी मागे दाराशी उभी होती. तिच्या डोळ्यात टिपूस नव्हतं.

आठवड्याने चिटणीसबाई तिच्याकडे आल्या. मी तिथेच कापडांना इस्त्री करत होते. बाईंनी खुर्ची घेतली नाही.

"मी बोलले नसते तर तुम्ही गेला असतात," त्या म्हणाल्या.

"गेले असते."

"मग ते माझ्या माथ्यावर आहे."

मावशीने चुलीवरची किटली उतरवली. "तुम्ही नको जाऊ म्हणालात, त्याचं तुम्ही बघा. माझं वेगळं आहे. मला बरं वाटलं होतं, बाई. त्या दिवशी त्यांचं तोंड बघावं लागणार नाही म्हणून मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, बसू दे एकटा, कळेल. हे पत्रकात कुठे लिहाल?"

चिटणीसबाई रडल्या. मावशीने त्यांची समजूत काढली नाही, हाकलूनही दिलं नाही. चहा पुढे ठेवला. पुढच्या महिन्याच्या पत्रकात पाचव्या आठवड्याची चौकट आली. पहिल्या खेपेला तिच्यात सहा नावं होती, नंतर दोन, नंतर मावशीचं एकटीचं.

पहिल्या रविवारी ती नेहमीसारखी पहाटे उठून पेला, ताट, कापड मांडायची. पेटीमागे बसून मला वेदीपुढचा कठडा नीट दिसायचा. माणसं ओळीने येऊन गुडघे टेकायची. मावशी आता तिथे येत नव्हती. एक महिना झाला, दोन झाले. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. चौथ्या महिन्यात मी विचारलं. ती म्हणाली, "मांडणं माझं काम आहे. घेणं काम नाही." पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही, हे खरं.

पाळकसाहेबांनी एकदा तिला गाठलं. तरुण माणूस, चार गावांच्या धावपळीत डोळे आत गेलेले. ते क्षमेबद्दल बोलू लागले. ती म्हणाली, "साहेब, ते मला पाठ आहे. लहानपणापासून ऐकते आहे. चुकीचं आहे असं नाही म्हणत मी. माझ्यापर्यंत पोचत नाही, एवढंच." ते गाडीत जाऊन बसले. गाडी बराच वेळ सुरू झाली नाही.

असं तेरा महिने चाललं. मग फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी पाळकसाहेब आणि मावशी विणकराच्या विधवेकडे निघाले. ती बाई अंथरुणाला खिळलेली होती. मावशी छोटी पेटी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यात घरी द्यायचा पेला, बाटली आणि भाकरीची डबी असे. गिरणीच्या पुढे पाळकसाहेबांनी गाडी कडेला घेतली. वळणावरचं ते घर आता बंद होतं.

"त्या शुक्रवारी मी इथूनच गेलो होतो," ते म्हणाले. "पलीकडच्या गावात माती होती. फाटकाशी बाटल्या दिसल्या. दोन होत्या. माझ्या मनात आलं, उतरावं. मग वाटलं, उतरलो की अर्धा तास शिव्या खाव्या लागतील. सोमवारी जायचंच आहे, असं म्हणून पुढे गेलो."

मावशीने मांडीवरच्या पेटीचं झाकण नीट बसवलं.

"हे मी कोणाला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "आणि दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात उभं राहून इतरांना प्रभुभोजन वाटतो."

"स्वतः घेता का?"

"ओठांना लावतो. गिळवत नाही."

मावशीने मला सांगितलं, की तिला त्यांची दया आली नाही. आधी राग आला. शुक्रवारी सुतारकाका जिवंत होते, हे तिने मनात दोनदा म्हटलं. मग राग धरून ठेवायला तिच्यापाशी जागाच उरली नाही. ती म्हणाली, "चला. म्हातारी वाट बघत असेल."

विणकराच्या विधवेला त्यांनी उशांना टेकवून बसवलं. पाळकसाहेबांनी नेहमीचे शब्द म्हटले, तिला भाकरीचा तुकडा दिला, पेला तिच्या ओठांना लावला. मग ते तसेच उभे राहिले, ताटली हातात घेऊन. विधवेला काही कळेना, ती एकदा यांच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे.

मावशी उठली. तिने त्यांच्या हातातून ताटली घेतली, एक तुकडा उचलला आणि तेच शब्द म्हणून त्यांच्या हातावर ठेवला. इतकी वर्षं ऐकून तिला ते अडखळायचं कारणच नव्हतं, पण ती मधे एकदा अडखळली. त्यांनी तो खाल्ला. तिने पेला दिला, ते प्यायले. मग त्यांनी ताटली परत घेतली आणि तिच्यापुढे धरली. तिने हात पुसून पुढे केला.

परत येताना दोघं रस्त्याबद्दल आणि विधवेच्या खोकल्याबद्दल बोलले.

संध्याकाळी ती पेला धुवत होती, तेव्हा तिने मला हे सांगितलं. मी विचारलं, "हलकं वाटलं का, मावशी?"

तिने पेला पुसून पालथा ठेवला. "नाही," ती म्हणाली. "सुतारकाका तिथंच पडलेले दिसतात. पण घेतलं."

पुढच्या वर्षी पाळकसाहेबांची बदली झाली, आणि आमच्याकडे नवा पाळक आला नाही. आमची मंडळी शेजारच्या मोठ्या गावातल्या मंडळीत मिळवली. पत्रक बंद झालं. चिटणीसबाई लेकीकडे राहायला गेल्या. मावशी मात्र भेटींना जात राहिली, यादीत उरलेल्या तिघांकडे, मग दोघांकडे, मग विणकराच्या विधवेकडे एकटीकडे. विधवाही वारल्यावर मावशीला जायला कोणी उरलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तिचे स्वतःचे पाय गेले, आणि तिच्याकडे कोणी जायचं हे मी आणि माझ्या नवऱ्याने जेवताना ठरवलं. आम्ही तिला आमच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलं. तिथे ती तीन वर्षं होती आणि आमच्या चहात साखर कमी असते अशी तिची शेवटपर्यंत तक्रार होती.