बेडकांच्या वेदनेचे जाणकार

नारायण पेठेतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एक निवृत्त गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत. नंबर येईपर्यंत रुमालाची घडी मोडत आणि पुन्हा घालत. एकदा मी विचारलं, "निवृत्तीआधी आपण काय करत होता?"

"मॉर्फिनसारखी वेदनाशामकं बेडकाच्या मेंदूत नेमकी कुठे चिकटतात, ते शोधत होतो. तीस वर्षं."

एवढा जाणकार माणूस शेजारीच निघाल्यामुळे मला हुरूप आला. "मग माझ्या गुडघ्यासाठी काहीतरी सुचवा ना."

त्यांनी माझा गुडघा नीट न्याहाळला. "आपण बेडूक असता, तर नक्की सुचवलं असतं."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. खुर्चीचे हात धरून उठताना ते हळूच म्हणाले, "आई गं."

माझंही औषध तेच होतं.