बॅटरी घरात, हॉर्न आखाड्यावर

भूत, करणी, नजर, उतारा... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. सर्किट पूर्ण नसेल तर दिवा लागत नाही, हे वर्षानुवर्षं मीच पोरांकडून घोकून घेतलंय. त्यामुळे या सदरासाठी आपण कधी पेन हातात धरू असं वाटलं नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकली आहे आणि ती काही डोक्यातून जात नाही. शेवटी आमचे हेच म्हणाले, लिहून टाक एकदाचं, किती दिवस मला विचारत बसशील.

आमचं गाव चुडाव्याजवळ, पूर्णा तालुक्यात. घरात आम्ही तिघं — मी, आमचे हे आणि माझे सासरे अण्णा. चौथा म्हणजे ट्रक. अण्णा त्याला माणसातच धरतात, म्हणून मीही धरते. बैलजोडी मोडून त्यांनी तो सेकंडहँड घेतला आणि जोडीतल्या थोरल्या बैलाचं नाव त्याला दिलं, सर्जा. आयुष्यभर ऊस, कापूस, विटा वाहिल्या. आता ट्रक आमचे हे चालवतात आणि अण्णा दूर उभे राहून चुका काढतात.

तर या सर्ज्याचं इग्निशनचं लॉक तुटलेलं आहे. एका उसाच्या सीझनला चावी आतच मोडली. ह्यांनी पकडीने ओढायला घेतली तर चावीसकट लॉकचा आतला गाभाच बाहेर आला. राहिलं नुसतं भोक. त्यात कुठलीही चपटी वस्तू घालून फिरवली की गाडी चालू होते. अण्णांनी त्यासाठी माझ्या माहेरच्या सेटमधला चमचा पळवला — दांडी आत, तोंड बाहेर. हॉर्नपासून दिव्यांपर्यंत सगळं त्या चमच्यावर. नांदेडहून नवीन लॉक आणलंय, पण ते अजून खोक्यातच आहे. ‘नवं कुलूप त्याला मानवायचं न्हाई, ऱ्हाऊ द्या,’ एवढं बोलून अण्णांनी विषय संपवला. मीही नाद सोडला, चमच्यासकट.

आता पोळ्याचं सांगते. आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते, बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात. अण्णा सर्ज्याच्या बॉनेटला चोळतात. मग हात जोडून अगदी गंभीरपणे त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. पोळ्याला बैलाला काम नसतं, तशी सर्ज्यालाही सुट्टी. सणाच्या दिवशी पोरं केबिनमध्ये चढतात, तुटक्या लॉकमध्ये कुणी काही घालून फिरवलं तर पंचाईत... म्हणून अण्णा ह्यांच्याकडून बॅटरी काढून घेतात आणि घरात स्वतःच्या बाजेखाली ठेवायला लावतात. ट्रक आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या आमच्या पत्र्याच्या शेडपुढे. घरामागच्या पायवाटेने चालत गेलं की लगेच आखाडा येतो.

आणि एक. बैल जेवल्याशिवाय धनी जेवत नाही. अण्णा हा रिवाज ट्रकसाठी पाळतात. संध्याकाळी बॉनेटवर पुरणपोळी ठेवली की मगच स्वतः घास घेतात. तब्येत चांगली होती तोवर मला त्याचं कौतुक वाटायचं. पण अण्णांना शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, आणि दर पोळ्याला आमचं भांडण ठरलेलं झालं. गोळी घेऊन उपाशी राहिलं की शुगर एकदम खाली जाते, माणूस हाती लागत नाही... हे मी त्यांना चित्र काढूनसुद्धा समजावलं होतं.

गेल्या वर्षीच्या पोळ्याला सकाळी असंच विचारलं, “अण्णा, गोळी घेतली का?”

“घेतली की.”

“मग भाकर खाऊन घ्या.”

“आज पोळा हाय, सूनबाई. त्यो उपाशी अन् म्या खाऊ व्हय?”

“तो डिझेल पितो, अण्णा.”

“तेबी आज दिलं न्हाई त्याला.”

बिनसाखरेचा अर्धा कप चहा घेऊन ते बादली-फडकं उचलून सर्ज्याला धुवायला गेले. मी रागारागाने झाडायला लागले, तर बाजेखालच्या त्या बॅटरीवर पायाची करंगळी आपटली. अजून आठवलं की दुखते.

दुपारी शेजारच्या शांताकाकू पोळ्या लाटू लागायला आल्या होत्या. मी पुरण वाटत होते. तेवढ्यात आखाड्याकडून हॉर्न ऐकू आला. लांबलचक. थोडं थांबून पुन्हा तसाच. सर्ज्याचा हॉर्न गावात सगळे ओळखतात, बसक्या आवाजाचा, शेवटी उचकी लागल्यासारखा.

शांताकाकू म्हणाल्या, “तुमचा सर्जा वरडायलाय की वो. अण्णा बलवायलेत वाटतं.”

मला आला राग. भाकरीला वेळ नाही, हॉर्न वाजवायला आहे. तो थांबेना, तेव्हा म्हटलं आज यांना सुनावतेच. हातसुद्धा धुतले नाहीत, तशीच पुरणाच्या हाताने निघाले. काय काय बोलायचं ते वाटेत मनात जुळवत होते. बॅटरीचं तेव्हा डोक्यातही आलं नाही, खरं सांगते.

मी बांधावर पोचले आणि हॉर्न थांबला.

केबिन रिकामी. दारं बंद. बादली आडवी पडलेली, पाइपातलं पाणी वाहतंय. अण्णांना हाका मारल्या, उत्तर नाही. ट्रकच्या मागच्या बाजूला गेले, तर कमरेएवढ्या सोयाबीनमध्ये चप्पल घातलेला एक पाय दिसला. पाण्याचा कॉक बंद करायला गेले असावेत, तिथेच कोसळले होते. रस्त्यावरून कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. अंग घामाने थबथबलेलं, डोळे अर्धवट उघडे, बोलणं तोंडातल्या तोंडात.

मला कळलं काय झालंय ते. बोटावरचं पुरण त्यांच्या गालाच्या आत लावलं. थोडं गिळलं, पुन्हा लावलं. “अण्णा, गिळा... माझं ऐका, गिळा,” असं म्हणत मी रडत होते की ओरडत होते, मला आठवत नाही. मागोमाग शांताकाकू आल्या, त्यांनी ह्यांना फोन लावला. हातांवर उचलून घरापर्यंत आणलं आणि शेजाऱ्यांच्या जीपमधून पूर्णेला दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं. डॉक्टर नंतर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहिले असते तर आम्हाला काही करता आलं नसतं. आणि पोळ्याच्या दिवशी नैवेद्याच्या आधी अण्णांना शोधायला आमच्यातलं कुणी गेलंच नसतं.

शुद्धीवर नीट आल्यावर अण्णांनी पहिलं काय विचारलं असेल?

“त्यानं खाल्लं का?”

मला हसू आणि रडू एकदमच आलं. माझा फार जीव आहे हो या म्हाताऱ्यावर.

संध्याकाळी अण्णांना घरी सोडलं. मग नैवेद्य घेऊन हे आखाड्यावर गेले, आणि परत येऊन दारातच उभे राहिले. म्हणाले, “अगं, हॉर्न वाजला कसा? बॅटरी तर...” आम्ही दोघांनी वाकून बाजेखाली पाहिलं. सकाळी होती तिथेच होती.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिक आला. म्हणाला, “लॉक तुटलं की आतल्या तारा चिटकतेत मॅडम, हॉर्न आपोआप वाजतो. लय गाड्यांचं होतंय.” मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. मग ह्यांनी त्याला बॅटरी त्या वेळी कुठे होती ते सांगितलं. तो चहा अर्धवट टाकून पुन्हा हॉर्नची वायर बघायला गेला. हवेचा हॉर्नही नाही तो, साधा बॅटरीवरचा आहे. दुसरा ट्रक म्हणावं तर त्या दिवशी तिकडे चिखलात बैलगाडीही गेली नव्हती. माझा भास म्हणावं तर शांताकाकूंनी माझ्याआधी ऐकला. अण्णांनी वाजवला म्हणावं, तर ते पडलेले होते आणि त्यांना त्यातलं काहीच आठवत नाही.

अण्णांना मात्र याचं जराही नवल वाटत नाही. “आवतण दिलेला पाव्हणा त्यो. धनी दिसंना, म्हून हाक मारली. त्यात काय एवढं,” असं म्हणून ते कूस बदलतात.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. वर्गात मी अजून तेच सर्किट काढते आणि तेच शिकवते. यंदाच्या पोळ्याला मी सकाळीच अण्णांपुढे भाकरीचं ताट ठेवलं. त्यांनी नेहमीप्रमाणे बाजूला सारलं. मी समोर बसले आणि म्हणाले, “अण्णा, सर्ज्यानंच सांगितलंय. धन्यानं आधी जेवायचं.”

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, सून थापा मारतेय का ते बघायला. मग ताट ओढून घेतलं आणि मुकाट्याने जेवले. मी थाप मारतच नव्हते.